पुठ्ठा दिसतो, म्हणून?

जुना चित्रपट घरात लावला की पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागतो. किती संथ आहे, आवाज कसला येतोय, ती मागची भिंत रंगवलेली आहे बघ. विज्ञानकथेची जुनी मालिका असेल तर दहा मिनिटंही लागत नाहीत. यानाचं दार बाजूला सरकतं, परग्रहावरचा लालसर खडक दिसतो आणि सोफ्यावरून कुणीतरी म्हणतं, "हो पुठ्ठो दिसता मरे!" मग हातात मोबाइल येतो आणि समोरचं चित्र नुसतं चालू राहतं. गोव्यात, नार्व्यातल्या आमच्या घरात हे होतं, तसं ते डिचोलीत, पुण्यात, मुंबईत, आखातात कामाला गेलेल्या आमच्या माणसांच्या खोल्यांतही होत असणार.

या निकालाशी मला भांडायचं आहे. घरातल्या मताला मी कमी लेखत नाही, म्हणूनच भांडायचं आहे. समीक्षक एकदा लिहून मोकळा होतो, चित्रपटगृहातला खेळ काही आठवड्यांत उतरतो. त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं चित्रपट घरांतच जगतो. 'स्टार ट्रेक' १९६९ साली बंद पडली तेव्हा तिचे तीन हंगामांतले ७९ भाग झाले होते आणि वाहिनीच्या लेखी ती संपलेली मालिका होती. पुढं पुनःप्रक्षेपणांमधून, संध्याकाळी घरी बसलेल्या लोकांमुळं ती मोठी झाली. 'डॉक्टर हू'ची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. बीबीसीनं साठच्या दशकातल्या कितीतरी टेप पुसून टाकल्या, त्यामुळं त्या मालिकेच्या नव्वदहून अधिक भागांचं चित्र आज उपलब्ध नाही. पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आहे. का? तर त्या काळी काही प्रेक्षकांनी आपापल्या घरी टीव्हीचा आवाज टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता. ज्या संस्थेनं मालिका केली तिनं ती टाकून दिली आणि बैठकीच्या खोलीनं ती राखली. एवढी सत्ता ज्या खोलीकडं आहे, तिथला निकाल दहा मिनिटांत लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या पुठ्ठ्याचं बघू. तो दिसतो हे खरंच आहे. पण तो दिसतो कुणाला? 'स्टार ट्रेक' ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली आणि अमेरिकेतल्या ५२५ रेषांच्या टीव्हीवर दाखवली गेली. प्लायवुडचे सांधे, खडकावरचा रंगाचा थर, कानाला चिकटवलेल्या रबराची कड, यातलं फारसं काही त्या छोट्या काचेवर पोचणार नाही, हे करणाऱ्यांना ठाऊक होतं. आपण ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ती पाहिली तेव्हाही ते दिसलं नव्हतं. आज त्याच निगेटिव्हवरून काढलेली लख्ख प्रत भल्यामोठ्या पडद्यावर आपण पाहतो. म्हणजे दिग्दर्शकानं जे कधी दाखवलंच नव्हतं, ते आपला टीव्ही दाखवतो, आणि दोष मात्र त्याच्या पदरात पडतो. २००६पासून मूळ भागांतली यानाची आणि ग्रहांची दृश्यं काढून तिथं संगणकावर केलेली नवी दृश्यं घालण्यात आली. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं मंदिर शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा उभारलं, त्याचं अलीकडं जतन-संवर्धन झालं. अशा कुठल्याही कामात जुनं किती राखलं आणि नवं किती घातलं, हे मला विचारावंसं वाटतं. चित्रपटाच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारतच नाही. समोर आलेली प्रत म्हणजेच ती कलाकृती, असं धरून चालतो.

मूकपटांचं तसंच. 'राजा हरिश्चंद्र'मधली माणसं लगबगीनं धावताना दिसतात आणि पोरं हसतात. फाळक्यांचा कॅमेरा हातानं फिरवायचा होता, सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं. तीच फिल्म चोवीसच्या वेगानं चालवली की माणसं धावणारच. मराठी बोलपटांचं नशीब त्याहून वाईट. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातचा कितीतरी मूळ ऐवज त्यात गेला. आपण मोबाइलवर बघतो त्या बऱ्याचदा प्रतीच्या प्रतीच्या प्रती असतात. त्यात भर म्हणजे चौकोनी चित्र ताणून रुंद पडदा भरायची टीव्हीची खोड. 'संत तुकाराम'मधले विष्णुपंत पागनीस आडवे फुगलेले पाहून कुणाच्या मनात भक्तिभाव उमटेल? रिमोटवर चित्राची चौकट मूळ प्रमाणात आणायची सोय असते. आमच्या घरात मी ती सगळ्यांना दाखवून ठेवली आहे.

हे झालं यंत्राचं. पण समजा प्रत उत्तम आहे, चौकट नीट आहे आणि तरीही पुठ्ठा दिसतोच. मग काय?

इथं मला पेडण्याच्या जत्रेतला दशावतार आठवतो. देवळापुढचा मांड, मागं एक पडदा, कडेला पायपेटी, मृदंग आणि झांज, आणि मधोमध एक लाकडी बाकडं. नेपथ्य म्हणून एवढंच. मध्यरात्र उलटल्यावर संकासुराचा धुडगूस संपतो, आख्यान लागतं, राजा येऊन त्या बाकड्यावर बसतो आणि बाकडं सिंहासन होतं. तो उठतो, बाकड्याभोवती एक फेरी घालतो आणि आपण अरण्यात पोचलेलो असतो. थोड्या वेळानं त्याच बाकड्यावर शंकर ध्यानाला बसतो. राणीचं काम करणारा स्त्रीपार्टी दिवसा शेतात किंवा गॅरेजात राबणारा गडी असतो, हे पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना नावागावासह माहीत असतं. तो रडू लागला की त्याच म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावतात. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, वालावलकर या कंपन्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सिंधुदुर्गातून तेरेखोलच्या अलीकडं येऊन हे डोळे घडवले आहेत. जे दिसतं त्याच्या पलीकडं बघायची ही तयारी पेडणे-डिचोलीच्या माणसाला कुणी शाळेत शिकवलेली नाही. ती त्याच्या अंगात आहे.

मग तोच माणूस घरी सोफ्यावर बसला की ती जाते कुठं?

आणि ती सगळीच जाते असंही नाही. २८ मार्च २०२०पासून, टाळेबंदीत, दूरदर्शननं रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा दाखवलं तेव्हा तीन पिढ्या एका खोलीत बसल्या. दोन बाण हवेत समोरासमोर येऊन ठिणग्या उडताना नातवंडं हसली असतील, पण उठून गेलं नाही कुणी. १९८७ सालच्या त्या युक्त्या आज कुणाला फसवत नाहीत आणि कुणाला अडवतही नाहीत. त्याच खोलीत त्याच आठवड्यात कुणी 'स्टार ट्रेक' लावली असती तर पुठ्ठ्याचा पुकारा झालाच असता. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये कीर्तनात शिवरायांना पकडायला शत्रू येतो आणि त्याला जिकडंतिकडं शिवाजीच दिसू लागतात. १९३६ सालची ही छायाचित्रणाची करामत आपण चमत्कार म्हणून मनोभावे स्वीकारतो. तेव्हा खोटं दिसण्याला आपला आक्षेप नसतोच मुळी. खोटं कुणी दाखवावं, याबद्दल आपले काही ठरलेले समज आहेत.

यावर एक चांगला आक्षेप घेता येतो आणि आमच्या घरात तो घेतला गेला आहे. दशावतारात गोष्ट आधीच माहीत असते. हरिश्चंद्र कोण, द्रौपदी कोण, हे सांगावं लागत नाही, म्हणून बाकडं पुरतं. परग्रहावरचा प्राणी कुणालाच माहीत नसतो, तो दाखवावाच लागतो, मग तो नीट नको का दाखवायला? आक्षेपात दम आहे. शिवाय दशावतारही बदलतो आहे. 'ट्रिकसीन' असलेल्या नाटकांच्या जाहिराती सिंधुदुर्गात आणि पेडण्यात सर्रास लागतात. धूर, दिवे, तुटलेलं शिर, हवेत उचललेली देवी. गर्दी त्यांना होते. म्हणजे बाकड्यानं भागतं असं म्हणणारे आम्ही कमी होत चाललो आहोत की काय, अशी धास्ती मलाही वाटते.

तरीही या आक्षेपाला माझं उत्तर आहे आणि ते 'स्टार ट्रेक'च्याच एका भागातून देतो. ९ मार्च १९६७ रोजी प्रसारित झालेला 'द डेव्हिल इन द डार्क'. एका ग्रहाच्या पोटात खाण आहे. कामगार एकेक करून मरताहेत, कुणीतरी त्यांना जाळून मारतं आहे. कॅप्टन कर्क आणि स्पॉक मदतीला येतात. मारणारा प्राणी अखेर दिसतो तेव्हा तो रबराचा एक खडबडीत गोळा असतो, आत माणूस रांगतो आहे हे लहान मूलही सांगेल. आमच्या खोलीत व्हायचा तो कलकलाट झाला. मी म्हटलं, थोडं थांबा. स्पॉक त्या प्राण्याच्या मनाशी आपलं मन जोडतो आणि उलगडा होतो. ती आई आहे. खाणकामगारांनी खालच्या थरात शिरून जे हजारो गोल दगड निरुपयोगी म्हणून फोडले, ती तिची अंडी होती. खोली गप्प झाली, कारण खोली डिचोली तालुक्यातली होती.

खनिजानं भरलेल्या बार्जी मांडवीतून मुरगावकडं जाताना पाहत आमच्या इथली पिढी मोठी झाली. कुणाचा ट्रक होता, कुणाचा बार्जीवर पगार होता, आणि कुणाच्या शेतात पहिल्या पावसाबरोबर लाल गाळ येऊन बसला. शिरगावात खाणींचे खड्डे खोल गेले आणि विहिरींचं पाणी गेलं. २०१२ साली आधी राज्य सरकारनं आणि मग सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या, पुढं ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. ट्रकाचे हप्ते थकलेली घरं आणि विहिरी आटलेली घरं एकाच वाड्यावर राहतात, कधीकधी ती एकच घरं असतात. जमिनीच्या पोटात काय फोडतो आहोत हे फोडणाऱ्याला माहीत नसतं, ही गोष्ट आमच्याकडं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. परग्रहावरचा प्राणी अनोळखी होता. त्याची गोष्ट ओळखीची होती. आख्यान माहीत असलं की बाकडं पुरतं, तसाच मग तो रबराचा गोळाही पुरला.

त्यानंतर जे बोलणं झालं ते मी विसरणार नाही. भागाच्या शेवटी तह होतो. आईची पोरं अंड्यांतून बाहेर पडतात, खडक पोखरत बोगदे काढतात, कामगार मागून जाऊन खनिज गोळा करतात, आणि सगळे श्रीमंत होणार असा आनंदीआनंद होतो. आमच्याकडच्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं विचारलं, "म्हणजे तिची पोरं फुकटची मजूर झाली?" ट्रकाचा धंदा केलेला तिचा काका म्हणाला की तह टिकला तो दोघांचा फायदा होता म्हणून. खनिज संपल्यावर त्या पोरांचं काय, हे कुणी लिहून घेतलंय का? साठ वर्षांपूर्वी हॉलिवूडमध्ये रचलेल्या सुखान्तातली नेमकी फट डिचोलीतल्या दोन माणसांनी बोट ठेवून दाखवली. याला मी समीक्षा म्हणतो. पुठ्ठ्यापाशी थांबलो असतो तर ती झालीच नसती.

जुन्या विज्ञानकथेवर घरात दुसरंही एक मत हटकून येतं, आणि ते कौतुकाचं असल्यामुळं आपण त्याला सोडून देतो. हातातलं उघडझाप होणारं संभाषणयंत्र दिसलं की "बघ, मोबाइल!" भिंतीवर बोलणारा माणूस दिसला की "व्हिडिओ कॉल!" जणू त्या लेखकांनी भविष्य सांगितलं आणि ते खरं ठरलं म्हणून त्यांना गुण. खरं ठरणं हीच कसोटी असेल तर बहुतेक जुनी विज्ञानकथा नापास होईल आणि ते अन्यायाचं होईल. 'स्टार ट्रेक'नं काय ओळखलं नाही ते पाहणं जास्त उपयोगाचं आहे. पहिल्या नमुना-भागात जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक बाई होती. वाहिनीनं तो भाग नाकारला, पुढं मालिका उभी राहिली तेव्हा ती अधिकारी गेली होती. तेविसाव्या शतकात ताऱ्यांपर्यंत पोचणारी माणसं कल्पिता आली, पण हुकूम देणारी बाई दाखवायला १९६५ सालची कचेरी तयार झाली नाही. यंत्रांचं भाकीत सोपं असतं. माणसांच्या वागणुकीचं अवघड असतं आणि जुन्या मालिकेत पाहण्यासारखं तिथंच सापडतं.

'आमच्या वेळी काय मालिका होत्या' हे तिसऱ्या पिढीला ऐकवणं मात्र मी बंद केलं आहे. 'स्पेस सिटी सिग्मा' आणि 'कॅप्टन व्योम' मलाही प्रिय आहेत, पण माझं बालपण किंवा तारुण्य हा त्यांचा गुण नव्हे.

आणि जुनं म्हणून सगळंच डोक्यावर घ्यावं असंही मी म्हणत नाही. शांतारामबापूंचा 'पिंजरा' (१९७२) आमच्या घरात पुन्हा लागला तेव्हा डॉ. लागूंच्या कामावर सगळे खूष झाले, पण तरुण मुलींनी एक गोष्ट सोडली नाही. मास्तर स्वतः घसरतो, त्याचं खापर तमाशातल्या बाईवर का? हा आक्षेप मला मान्य आहे आणि चित्रपटानं तो सोसायलाच हवा. त्याच शांतारामबापूंच्या १९३७ सालच्या 'कुंकू'वर त्याच मुलींनी आधी शेरा मारला, म्युझिकच नाही, कंटाळवाणं आहे. खरंच नाही. पार्श्वसंगीत मुद्दाम टाळून दिग्दर्शकानं सगळा चित्रपट घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांवर तोलला आहे. घड्याळाचे ठोके पडतात आणि म्हाताऱ्या नवऱ्याचं वय कानांनी कळतं. एवढं सांगितल्यावर मुली ऐकू लागल्या. शांता आपट्यांची नीरा त्या नवऱ्याला बायको म्हणून साथ द्यायला ठाम नकार देते तिथपर्यंत आल्यावर कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता. संथपणाची तक्रार बहुधा अशी असते. काय ऐकायचं, कुठं बघायचं, हे माहीत नसलं की वेळ लांबतो, आणि ते सांगणारं माणूस घरातच असतं. चित्रपटगृहात बोलायची सोय नाही. घरात चित्र थांबवून बोलता येतं, मागं नेऊन पुन्हा दाखवता येतं. घरी पाहण्याचा हा लाभ आपण फार थोडा वापरतो.

पुठ्ठ्याच्या निकालाची सर्वांत मोठी किंमत मात्र मराठीनं मोजली आहे. छापील विज्ञानकथा मराठीत भरघोस आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी १९७४ साली आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली. १९७९ साली 'यक्षांची देणगी' आलं. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी दिवाळी अंकांतून दोन पिढ्या वाचत्या ठेवल्या. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले तेव्हा कितीतरी जणांनी लिहिलं की विज्ञानाची गोडी त्यांच्या कथांनी लावली. आणि पडद्यावर? २०१६ सालचा 'फुंतरू' आठवतो, त्याच्या मागंपुढं फार थोडं. कारण विचारलं तर एकच उत्तर मिळतं, खर्च परवडत नाही, स्वस्तात केलं तर लोक हसतात. लोक म्हणजे आपणच, आपल्या सोफ्यांवरचे.

नारळीकरांचा आग्रह होता की विज्ञानकथेतलं विज्ञान चोख असावं. तो आग्रह योग्यच होता. पण विज्ञान चोख असणं आणि देखावा महाग असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तारकोव्स्कीच्या 'स्टॉकर'मध्ये (१९७९) तीन माणसं एस्टोनियातल्या ओसाड वीजकेंद्राभोवतीच्या गवतातून, साचलेल्या पाण्यातून चालत राहतात. परग्रहावरचं यान नाही, यंत्र नाही, प्राणी नाही. इथं काहीतरी परकं येऊन गेलं आहे, हे आपण त्यांच्या चालण्यावरून मानतो. बाकड्याभोवती फेरी घालणाऱ्या राजावरून अरण्य मानावं तसंच. आमच्याकडं बंद खाणींचे खड्डे आहेत, त्यांत साठलेलं हिरवंनिळं पाणी आहे, नदीकाठी गंजत पडलेले धक्के आहेत. २००४पासून दर वर्षी पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, आमची मुलं फेरीबोटीनं आणि बसनं जाऊन जगभरचे चित्रपट बघून येतात. त्यांना जागा शोधायला लांब जायला नको.

आणि चित्रपटच कशाला हवा? दशावतारी नटाला लिहिलेली संहिता लागत नाही. आख्यानाचा सांगाडा ठरला की तो मांडावर उभा राहून संवाद रचतो, समोरच्या गावाचं नाव, तिथला ताजा तंटा त्यात ओवतो. खाणीच्या तळाशी अंडी राखणारी आई, तिला राक्षस समजून चालून आलेला राजा, आणि तहानंतर तिच्या पोरांच्या मजुरीचा हिशेब मागणारी एक मुलगी, हे आख्यान बाकड्यावर उभं राहील याबद्दल मला जराही शंका नाही. येत्या हंगामात कंपनी पेडण्यात आली की खेळाआधी रंगपटात जाऊन मी त्यांच्या नाईकांपुढं हा विषय मांडणार आहे, आणि ती कॉलेजातली मुलगी बरोबर येते म्हणाली आहे.